प्रोस्टेट कॅन्सरचे इंजेक्शन मध्येच थांबवावे का?

मालवणच्या किनाऱ्यालगतच्या कुठल्याही बौद्धवाडीत असे एखादे घर असू शकते. मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले आबा गावी परतलेले. लघवीला त्रास होऊ लागला, तपासण्या झाल्या आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. कोल्हापुरात खोली घेऊन, राहून रेडिएशन घेतले. आपल्याकडे लोक त्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन वर्षे घ्यावे लागेल. आता सव्वा वर्ष झाले. रिपोर्ट चांगला आहे.

पण आबा कंटाळले आहेत. रात्री अंगाची आग होऊन उठतात, बनियन घामाने भिजते. विहिरीवरून कळशी आणताना दम लागतो. पोट सुटले आहे. कोणाशी फारसे बोलत नाहीत. एका रात्री जेवता जेवता म्हणतात, “माका आता ह्या इंजेक्शन नको. मी बरो झालंय. कित्याक उगीच पैसे घालवतास?”

मुंबईहून मुलगा फोनवर सांगतो, “बाबा, डॉक्टरान सांगल्यान हा, तर घेवकच व्हया.” आई काहीच बोलत नाही. शेजारचा एकजण कुठल्यातरी वैदूचा पत्ता देतो. पुढच्या इंजेक्शनची तारीख आठ दिवसांवर आली आहे.

यात बरोबर कोण? आबांचा त्रास खरा आहे. मुलाची भीतीही खरी आहे. चुकते आहे ते एवढेच, की निर्णय ज्या माहितीवर घ्यायचा ती माहिती घरात कोणाकडेच नाही. इंजेक्शन मध्येच थांबवणे काही रुग्णांसाठी योग्य असते, काहींसाठी धोक्याचे असते. आपण त्यातले कोण, हे विचारून, समजून थांबवणे हा निर्णय झाला. तारीख टळू देणे, गाडी चुकवणे, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणे हा निर्णय नव्हे. या लेखाचे सांगणे एवढेच आहे.

हे इंजेक्शन करते काय?

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली लहानशी ग्रंथी. सोललेल्या सुपारीपेक्षा थोडी मोठी. तिच्यात कॅन्सर झाला की त्या पेशींना वाढायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन लागते. हे हार्मोन मुख्यतः वृषणांत तयार होते आणि ते तयार करण्याचा हुकूम मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन, डेगारेलिक्स ही इंजेक्शने तो हुकूम बंद पाडतात. काही महिन्याला, काही तीन महिन्यांनी, काही सहा महिन्यांनी घ्यायची असतात. बायकॅल्युटामाइडच्या गोळीचे काम वेगळे. ती हार्मोन कमी करत नाही, पेशीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे अनेकांना इंजेक्शनसोबत ही गोळी देतात.

हार्मोन तोडले की हा कॅन्सर आवळला जातो, हे अमेरिकेत शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिले. परळचे टाटा हॉस्पिटल सुरू झाले तेही त्याच वर्षी. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. त्या काळी इंजेक्शन नव्हते, ऑपरेशन करून वृषणे काढत. ते ऑपरेशन आजही होते. एकदाच करायचे, खर्च कमी, आणि दर तीन महिन्यांची धावपळ नाही. ज्यांना आयुष्यभर उपचार घ्यायचाच आहे अशा काहींना ते सोयीचे पडते. पण ते केल्यावर परतीची वाट नसते. ज्यांचा उपचार ठराविक मुदतीचा आहे, त्यांनी ‘एकदाचे उरकून टाकू’ म्हणून ते करण्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्यावी.

एक लक्षात ठेवावे. नुसते हार्मोन तोडल्याने कॅन्सर सहसा मुळासकट जात नाही. तो उपाशी राहतो, निपचित पडतो. रेडिएशनसोबत दिले तर मात्र ते रेडिएशनचे हात बळकट करते. इथूनच थांबवण्याच्या प्रश्नाला फाटे फुटतात.

आपण कुठल्या वाटेवर आहोत?

वाडीतल्या दोन घरांत एकच इंजेक्शन चालू असेल, तरी दोघांचा उपचार एक नसतो. “अमक्याने बंद केले, त्याला काही झाले नाही” या वाक्यावर कधीच निर्णय घेऊ नये. ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट: कॅन्सर प्रोस्टेटमध्येच किंवा जवळपास आहे, आणि बरा करण्यासाठी रेडिएशन दिले आहे. इथे इंजेक्शनला ठराविक मुदत असते. मध्यम धोक्याच्या रुग्णांना साधारण ४ ते ६ महिने, जास्त धोक्याच्या रुग्णांना साधारण दीड ते तीन वर्षे. वर सांगितलेले आबा याच वाटेवर आहेत.

दुसरी वाट: ऑपरेशन किंवा रेडिएशन होऊन गेले आहे, काही वर्षांनी रक्तातला पीएसए पुन्हा वाढू लागला आहे, पण स्कॅनमध्ये कुठे पसरलेले दिसत नाही. इथे काही रुग्णांमध्ये इंजेक्शन काही महिने द्यायचे, मग थांबवायचे, पीएसए वाढला की पुन्हा सुरू करायचे, असा थांबत-थांबत उपचार करता येतो.

तिसरी वाट: कॅन्सर हाडांत किंवा दूर पसरला आहे. इथे इंजेक्शन हा उपचाराचा पाया असतो आणि तो सहसा आयुष्यभर चालतो. पुढे पीएसए वाढला आणि नवीन गोळ्या सुरू झाल्या, तरीही पायाचे इंजेक्शन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. “पीएसए वाढला, म्हणजे इंजेक्शन निकामी झाले, मग कशाला घ्या?” हा समज चुकीचा आहे. पाया काढला तर वरची भिंतही जाते.

आपली वाट कोणती, हे फाईलमध्ये लिहिलेले असते. वाचता आले नाही तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचारा.

आकडे काय सांगतात?

पहिल्या वाटेसाठी आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात जास्त धोक्याच्या प्रोस्टेट कॅन्सरचे २२४ रुग्ण घेऊन एक चाचणी केली. रेडिएशन फक्त प्रोस्टेटला द्यावे की ओटीपोटातल्या गाठींच्या भागालाही द्यावे, हा तिचा प्रश्न होता. पण दोन्ही गटांतल्या प्रत्येक रुग्णाला किमान दोन वर्षे हार्मोन उपचार द्यायचे ठरलेले होते. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत शंभरातले नव्वदहून अधिक जण जिवंत होते. म्हणजे ‘दोन वर्षे’ हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. आपल्यासारख्याच रुग्णांवर, आपल्याच राज्यात, चांगला परिणाम दिसला तो या पायावर.

मग कमी दिवस घेतले तर? युरोपात ९७० रुग्णांवर हीच परीक्षा झाली. सगळ्यांना रेडिएशन दिले. निम्म्यांना इंजेक्शन सहा महिने, निम्म्यांना तीन वर्षे. २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. पाच वर्षांत सहा महिनेवाल्या गटात शंभरातले १९ जण कोणत्या ना कोणत्या कारणाने दगावले, तीन वर्षेवाल्या गटात १५. म्हणजे शंभरामागे चार जीव वाचले. हे चार कमी वाटतील, पण त्यातला एक आपल्या घरातला असू शकतो.

दुसरी चाचणी कॅनडातली, ६३० रुग्णांची. तिथे दीड वर्ष आणि तीन वर्षे यांची तुलना केली. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दहा वर्षांनी दोन्ही गटांत शंभरातले सुमारे ६२ जण जिवंत होते. फरक दिसला नाही आणि दीड वर्षवाल्यांचे रोजचे जगणे बरे होते. आणखी एक गोष्ट त्या चाचणीत दिसली. तीन वर्षांच्या गटातल्या जवळपास निम्म्याच रुग्णांना पूर्ण डोस मिळाले. तेव्हा मध्येच कंटाळणे ही आपल्या वाडीतल्या माणसाची कमजोरी नाही. जगभरचे पुरुष या इंजेक्शनला कंटाळतात.

दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की चित्र असे दिसते: जास्त धोक्याच्या कॅन्सरमध्ये सहा महिने अपुरे ठरतात. दीड वर्षाच्या पुढे मात्र डॉक्टरांशी बोलायला जागा आहे. ज्यांच्या गाठींत कॅन्सर गेलेला नाही, त्यांच्याबाबतीत ती जास्त आहे. आबांचे सव्वा वर्ष झाले आहे. त्यांनी “आज बंद” म्हणण्याऐवजी “डॉक्टर, माझे दीड वर्षावर थांबवता येईल का?” असे विचारले, तर तो प्रश्न अजिबात वेडगळ ठरणार नाही. चांगला डॉक्टर त्यावर विचार करील आणि कारणासहित उत्तर देईल.

दुसऱ्या वाटेवरच्या १३८६ रुग्णांची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. थांबत-थांबत उपचार घेणारे आणि सलग घेणारे यांच्या आयुष्यात फारसा फरक नव्हता: मध्यम आयुष्य ८.८ वर्षे आणि ९.१ वर्षे. त्यात आठ महिने उपचार देऊन थांबत आणि पीएसए १० च्या वर गेला की पुन्हा सुरू करत. म्हणजे थांबले तरी तपासणी कधीच थांबली नव्हती.

तिसऱ्या वाटेवर मात्र सावध राहिले पाहिजे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५३५ रुग्णांच्या चाचणीत सलग घेणाऱ्यांचे मध्यम आयुष्य ५.८ वर्षे होते, थांबत घेणाऱ्यांचे ५.१. हा फरक पक्का सिद्ध झाला नाही, पण थांबवणे तितकेच सुरक्षित आहे हेही सिद्ध झाले नाही. हाडांत कॅन्सर असताना आपल्या मनाने इंजेक्शन सोडू नये. पाठीत नवीन, न थांबणारी कळ येणे, पायांतला जोर जाणे, पाय बधिर होणे, लघवी अडकणे, यातले काहीही झाले तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावे. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

थांबवण्याआधी त्रासावर इलाज

अनेकदा रुग्णाला इंजेक्शन नको नसते, त्याचा त्रास नको असतो. त्रासावर इलाज झाला तर उरलेले महिने निभावतात. म्हणून आधी हे करून पाहावे.

अंगाची आग आणि घाम: रात्री सुती कपडे, हवा खेळती, चहा आणि तिखट कमी. तरी झोप मोडत असेल तर त्यावर गोळ्या आहेत. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ते देणार कसे?

थकवा आणि अंगातली ताकद जाणे: यावर सगळ्यात चांगले औषध म्हणजे चालणे आणि स्नायूंना काम देणे. रोज अर्धा तास समुद्राच्या किंवा शेताच्या बाजूने चालावे. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठबस, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, भिंतीला हात टेकून रेटणे. हाडांत कॅन्सर असेल तर कोणता व्यायाम चालेल हे आधी विचारावे.

हाडे ठिसूळ होणे: हार्मोन गेले की पुरुषांचीही हाडे विरळ होतात. शक्य असेल तर हाडांची घनता मोजून घ्यावी. ‘डेक्सा’ नावाची तपासणी असते. नाचणीची भाकरी आणि आंबील, दूध-दही, काट्यासकट खाता येतील असे तारली-मोटक्यासारखे बारीक मासे जेवणात ठेवावेत. सुक्या मासळीत मीठ फार असते. ब्लड प्रेशर असेल तर ती बेताने खावी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. विडी, तंबाखू, मशेरी आणि दारू हाडांनाही खातात. पंचशील पाळणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

साखर आणि हृदय: या उपचारात वजन वाढते, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढू शकतो. साखर, ब्लड प्रेशर आणि कोलेस्टेरॉल नियमित तपासावे. आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर ते कॅन्सरच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कोणते इंजेक्शन द्यायचे आणि किती काळ द्यायचे, यावर त्याचा परिणाम होतो.

मन खचणे: चिडचिड, रडू येणे, जगण्यात गोडी न वाटणे हाही या औषधाचा परिणाम असू शकतो. आबा ‘म्हातारपणाने’ गप्प झालेत असे समजू नका. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते.

न बोललेली गोष्ट

एक त्रास असा आहे की तो आबा मुलाला सांगत नाहीत, डॉक्टरांना सांगत नाहीत, बायकोलाही सांगत नाहीत. इंजेक्शन सुरू झाल्यापासून इच्छा राहत नाही, संबंध जमत नाहीत. छाती सुजून दुखते. “आपण पुरुषच राहिलो नाही” असे मनात घोळत राहते. पुष्कळदा “पैसे कशाला घालवतास” या वाक्यामागे हेच दुखणे लपलेले असते.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला होता आणि त्याची शुश्रूषा करायला कोणी नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन-पुसून नीट निजवले. मग त्यांनी संघाला आजाऱ्याची सेवा कशी करावी ते सांगितले आणि चांगला रुग्ण कसा असावा तेही सांगितले. चांगल्या रुग्णाचे एक लक्षण असे, की तो आपले दुखणे, वाढते आहे की उतरते आहे की तसेच आहे, हे काळजी घेणाऱ्याला खरेखरे सांगतो. चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे एक लक्षण असे, की तो किळस करत नाही.

म्हणून लाज सोडून सांगावे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. आणि घरच्या बाईला या बोलण्यातून वगळू नये. तिचेही आयुष्य या इंजेक्शनने बदललेले असते. नवऱ्याने दुसरीकडे तोंड फिरवले की तिला वाटते, आपलेच काही चुकले. ‘ते औषधामुळे आहे’ एवढे एक वाक्य दोघांमधले ओझे हलके करते. इच्छा गेली म्हणजे माया गेली असे नाही. माणसाची किंमत त्याच्या हार्मोनवर ठरत नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था ज्यांनी नाकारली, त्यांना हे समजणे जड जाऊ नये.

बंद केल्यावर काय होते?

आज बंद केले आणि उद्या ताकद आली, असे होत नाही. तीन महिन्यांचे इंजेक्शन तीन महिने अंगात काम करतच असते. त्यानंतरही टेस्टोस्टेरॉन हळूहळू चढते. कोणाला सहा महिने लागतात, कोणाला वर्ष किंवा त्याहून जास्त. वय सत्तरीच्या पुढे असेल आणि उपचार लांबलेला असेल, तर ते पूर्ण परत येत नाही असेही होते. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी समजून घ्यावी. थांबवण्यातून मिळणारा आराम उशिरा मिळतो. आणि एकदा तारीख चार-आठ दिवस पुढे गेली म्हणून घाबरून जायचे कारण नाही. लगेच फोन करून नवीन तारीख घ्यावी.

थांबवल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी पीएसए तपासावा. रेडिएशन झालेल्या रुग्णात हार्मोन परत आले की पीएसए थोडा वर येतो. ०.१ चा ०.४ झाला म्हणून घर डोक्यावर घेऊ नये. सगळ्यात खाली गेलेल्या आकड्यापेक्षा २ ने वर गेला की डॉक्टर कॅन्सर परतला असे धरतात. ऑपरेशन करून प्रोस्टेट काढलेल्यांना हा नियम लागू नाही. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्यावे आणि आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत.

ज्यांना ॲबिराटेरॉनसोबत प्रेडनिसोलोनची गोळी चालू आहे, त्यांनी प्रेडनिसोलोन कधीही आपल्या मनाने एकदम बंद करू नये. चक्कर, उलट्या होऊन रक्तदाब कोसळू शकतो.

डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न

कागदावर लिहून न्यावेत. सोबत घरचे एक माणूस असावे.

१. माझा कॅन्सर कमी, मध्यम की जास्त धोक्याचा? कुठे पसरला आहे का?
२. हे इंजेक्शन बरे करण्यासाठी आहे की आवरून धरण्यासाठी?
३. एकूण किती महिने ठरले आहेत आणि किती झाले?
४. आज थांबवले तर माझ्यासारख्या शंभर माणसांत किती जणांचे नुकसान होईल?
५. माझे वय, हृदय, साखर पाहता पुढचे डोस मला फायद्याचे आहेत की तोट्याचे?
६. थांबवण्याऐवजी मुदत कमी करणे, औषध बदलणे किंवा थांबत-थांबत घेणे जमेल का?
७. थांबवले तर तपासणी कधी कधी आणि पुन्हा सुरू कधी करायचे?

उत्तर पटले नाही तर दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञाचे मत घेण्याचा आपल्याला हक्क आहे. कोणत्याही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

पैसा, घाट आणि पावसाळा

बरेचदा इंजेक्शन थांबते ते त्रासाने नाही, पैशाने. तसे असेल तर तसेच स्पष्ट सांगावे. खर्चावर तोडगा निघू शकतो. लाजेखातर लपवलेल्या अडचणीवर निघत नाही.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व रेशन कार्डधारक कुटुंबांना खुली झाली आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण ठरले. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, त्याला उत्पन्नाची अट नाही. आपले इंजेक्शन योजनेत बसते का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधील आरोग्यमित्राला विचारावे. फुले योजनेचा क्रमांक १५५३८८.

आपल्या जिल्ह्यातले लोक ओरोसचे जिल्हा रुग्णालय, गोव्याचे बांबोळी, कोल्हापूर आणि परळ अशा चारी दिशांना जातात. बांबोळीला २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले. निघण्याआधी खर्चाची चौकशी करावी. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला हॉस्पिटलच्या दाखल्यावर तिकिटात मोठी सवलत असते. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांचा प्रवास मोफत आहे.

दर वेळी एवढ्या लांब जाणे आवश्यक आहेच असे नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तर पुष्कळदा हेच इंजेक्शन जवळच्या हॉस्पिटलात घेता येते. काही कंपन्यांची इंजेक्शने थंडीत ठेवावी लागतात, त्यासाठी मेडिकलवाल्याकडून बर्फाचा डबा मागून घ्यावा. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडतो हे आपण जाणतो. मे महिन्यातच विचारून ठेवावे: पावसाळ्याचा डोस जवळपास घेता येईल का, किंवा लांब मुदतीचे इंजेक्शन मिळेल का?

कौल नको, कारण विचारा

आपल्या भागात मोठा निर्णय आला की कौल लावायची जुनी रीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि आपण त्या वाटेने जाणे सोडले. अंगारा, गाऱ्हाणे आणि ‘इंजेक्शन बंद करा, मग माझी पुडी लागू पडेल’ म्हणणारा वैदू, यांच्यासाठी कॅन्सरच्या घरात जागा नाही. पण डॉक्टरांपुढे जाऊन मान खाली घालून नुसते ‘हो’ म्हणणे, हाही एक प्रकारचा कौलच आहे. आणि ऐकून न घेता ‘मला नको’ म्हणणे म्हणजे आपणच आपल्याला लावलेला कौल. बुद्धांनी कालामांना सांगितले ते वेगळे होते: कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, हित कशात आहे ते स्वतः पारखा. पारखायला माहिती लागते, आणि माहिती विचारल्याशिवाय मिळत नाही.

आबांच्या घरी त्या आठ दिवसांत हे एवढे करता येईल. मुलाने फोनवर हुकूम देण्याऐवजी विचारावे, “बाबा, तुमका नक्की खयचो त्रास होता?” आईने सोबत जावे. फाईल आणि सात प्रश्न घेऊन डॉक्टरांपुढे बसावे. त्यातून कदाचित दीड वर्षावर थांबायचे ठरेल, कदाचित पूर्ण मुदत घ्यायची पण अंगाची आग कमी करणारी गोळी सोबत घ्यायची असे ठरेल. दोन्ही निर्णय मानाचे आहेत, कारण ते आबांनी समजून घेतलेले असतील.

येत्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतीलच. त्यातली एक संध्याकाळ पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या दुखण्यांवर बोलायला ठेवावी. रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते, इथपासून सुरुवात केली तरी पुरे. तिथे एकजण मोकळेपणाने बोलला, तर वाडीतल्या आणखी चार घरांत वेळेवर तपासणी होईल.

जय भीम.